सातव्या खाटेशेजारचा चौकोन

तक्रार तशी साधीच होती. वॉर्डातल्या सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "अहो सूनबाई, तुमच्या त्या नकाशावरून दुसरी खिडकी सरकवली की माझे पेशंट पुसले जातात. बघा बाई काहीतरी."

रेकॉर्ड रूम वॉर्डाला लागूनच होती. मध्ये एकच भिंत, एक नंबरच्या खाटेकडची. तिथे नोकरीला लागून तिला दोन महिने झाले होते, लग्नाला तीन. तिला सगळे सूनबाई म्हणायचे, कारण सात नंबरच्या खाटेवर तिचे सासरे होते आणि खुब्याचं ऑपरेशन झाल्या दिवसापासून येईल त्याला ऐकवायचे, "पलीकडे बसते ना कॉम्प्युटरवर, ती आमची सूनबाई!" नव्या घरात तिला अजून चमचे कुठल्या खणात असतात हेही विचारावं लागे. न विचारता सांगणारे तेवढे एकटेच होते. शनिवारी त्यांना सुट्टी मिळायची होती.

दोष तिला लगेच कळला. जुना प्रोग्रॅम लिहिणारे मास्तर केव्हाच नोकरी सोडून गेले होते. त्यांनी वॉर्डचा नकाशा फॉर्मवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या कोऱ्या खिडकीवर, नुसता रेखाटला होता: एका फुटाला वीस ठिपके, ओळीने चौदा चौकोन, प्रत्येकात पेशंटचं नाव. असं रेखाटलेलं म्हणजे फळ्यावरचा खडू. वरून दुसरी खिडकी फिरली की गेलं. फॉर्म पुन्हा रंगताना तेच परत काढायला सांगावं लागतं, ते मास्तर विसरले होते. दहा मिनिटांचं काम.

खात्री करायला तिने कॅल्क्युलेटर उघडला आणि फडक्यासारखा नकाशावरून फिरवला. चौदाही खाटा पुसल्या गेल्या.

एक चौकोन राहिला.

सात आणि आठच्या मधोमध. खाटेपेक्षा अरुंद. तिने प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. एक ते चौदा मोज, चौकोन काढ, नाव लिही, संपलं. पंधरावा कुणी काढलाच नव्हता. तिने त्या जागेवर पांढरा रंग भरला. रंग भरला गेला, आणि मग त्याच्यावर एक रेघ उमटली. मग दुसरी. सावकाश, कुणी हाताने ओढावी तशी. खोलीत ओल्या खडूचा वास येत होता, आणि खोलीत खडू नव्हता.

"ते होय?" सिस्टर म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, मास्तरांनी टेबल काढलंय. रोज जागा बदलतं मात्र." त्या रोज सकाळ-संध्याकाळ नकाशा छापून खिळ्याला अडकवायच्या. तिने कागद उलटले. सोमवारी सकाळी तो चौकोन तीन नंबरच्या उजवीकडे होता, रिकामा. संध्याकाळी त्यात नाव होतं, तीन नंबरच्याच पेशंटचं. बुधवारी तेच, पाच नंबरशेजारी.

"तीन आणि पाच... घरी गेले?"

"घरी गेले असते तर खाट रिकामी करताना मी रडले असते का?" सिस्टर कागद सारखे करत म्हणाल्या.

ती वॉर्डात गेली. सासूबाई खाटेच्या डाव्या अंगाला, सलाईनच्या स्टँडला चिकटून कशाबशा बसल्या होत्या. उजवीकडे ऐसपैस जागा होती.

"आई, इकडे बसा ना."

"नको गं. तिकडे गार लागतं."

"त्या जागेचं रिझर्व्हेशन झालंय, वहिनी," आठ नंबरवरचे रिटायर्ड कंडक्टर म्हणाले. "सकाळपासून बघतोय, झाडूवालीसुद्धा वळसा घालून जाते." ते हसले. सासरे हसले नाहीत. उजवा हात त्यांनी छातीवर घट्ट धरून ठेवला होता.

"बाबा, हात दुखतोय का?"

त्यांनी तिला खाली वाकायची खूण केली. "दुखत नाही गं. खाली सोडला की... कुणीतरी धरतं."

"कोण?"

"बघितलं नाही. आईला बोलू नकोस..."

ती परतली तेव्हा चौकोनात एक अक्षर आलेलं होतं. सासऱ्यांच्या नावाचं पहिलं. तिच्या देखत दुसरं उमटायला लागलं.

आपण काय करतोय हे तिला धड कळत नव्हतं. कुणी विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं. चौकोन हलवता येत नव्हता, कारण तो तिचा नव्हता. खाटा मात्र तिच्या हातात होत्या. तिने फॉर्म रुंद केला आणि सगळा वॉर्डच उजवीकडे सरकवला. सात खाटांइतका सरकवल्यावर जागच्या जागी राहिलेला चौकोन एक नंबरला डावीकडून खेटला. तिथे एक विशीचा मुलगा होता. ते पाप नको, म्हणून आणखी आठ फूट सरकवलं. आता चौकोन भिंतीपलीकडे, कोऱ्या जागेत एकटा पडला. उमटत आलेलं दुसरं अक्षर थांबलं. मग पहिलंही फिकट होत गेलं. तिने घाईघाईने सगळं रेखाटन फॉर्म पुन्हा रंगण्याच्या जागी नेऊन ठेवलं. आता कितीही खिडक्या फिरवा, काही पुसलं जाणार नव्हतं.

ती धावत वॉर्डात गेली. सासरे दोन्ही हात पसरून घोरत होते, आणि सासूबाई उजवीकडे स्टूल टाकून त्यांना नावं ठेवत होत्या, "बघ, वॉर्ड जागा करतील!"

शनिवारी ते घरी गेले. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना म्हणाले, "सूनबाई, चमचे खालच्या खणात हलवलेत हिने. विचारत बसू नकोस."

सोमवारी दुपारी सिस्टरांचा फोन आला.

"नकाशा झकास झालाय हो. आता काही म्हणता काही पुसलं जात नाही. एवढंच विचारायचं होतं, तुमच्या खोलीत कोणाला ॲडमिट केलंय का?"

"माझ्या खोलीत?"

"एक नंबरच्या भिंतीपलीकडे तुमचीच खोली ना? तिथे तो चौकोन आहे. सकाळी रिकामा होता. आता त्यात नाव येतंय... एकेक अक्षर. वाचू का?"

भिंतीपासून आठ फूट. तिला मोजायची गरज नव्हती. भिंत, कपाट, टेबल, खुर्ची.

"नको," ती म्हणाली.

रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यात धरून तिने नकाशा उघडण्यासाठी कीबोर्डकडे हात नेला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून ती एकाच हाताने टाईप करतेय. दुसरा तिने छातीशी घट्ट धरून ठेवला होता.