साक्षीदार सज्ञान असावा

दुपारी साडेतीनच्या सुमारास तो देवळाच्या ओसरीवर चढला तेव्हा त्याच्या दोन्ही बाह्यांतून पाणी गळत होते, आणि पेइजेनने त्याला अशील समजून समोरच्या स्टुलावर बसवले.

दर्यावर्दींची राखण करणाऱ्या माझू देवीच्या त्या देवळात दर बुधवारी कॉलेजच्या विधी शाखेचे मोफत सल्ल्याचे टेबल असे. जानेवारीत या बंदरावर पाऊस रोजचाच. लोक त्याला पाऊस न म्हणता हवा म्हणत. पेइजेन दुसऱ्या वर्षाला होती. टेबलावरचा तिचा हा तिसरा बुधवार, आणि जोडीदार तापाने आडवा पडल्यामुळे आज ती एकटी होती. एकटेपणाने तिच्या नाडीचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर नेले होते. तिने ते मोजले होते, आणि मोजल्यामुळे ते आणखी वाढले होते.

"नाव?"

"लान बोवेइ."

"वय?"

"बावीस."

"अडचण काय आहे?"

"भिजलोय."

तिने 'भि' लिहून खोडला. "यावर कायदेशीर उपाय नाही," ती म्हणाली. "टॉवेल आहे. देवळाचा आहे, परत द्यावा लागेल."

"म्हणजे उसनवार, मोबदल्याशिवाय," तो डोके पुसत म्हणाला. "वापराने झीज झाली तर जबाबदार कोण?"

तिने मान वर केली. एरवी टेबलावर येणारा मासळीबाजारातला माणूस असे विचारत नाही. तो मात्र तिच्याकडे नव्हे, तिच्या कोपराखालच्या झेरॉक्सच्या गठ्ठ्याकडे पाहत होता.

"हे अक्षर कुणाचं, ठाऊक आहे?"

ठाऊक नसायला काय झाले? त्या कॉलेजात रीतच होती: नव्या विद्यार्थ्याला जो क्रमांक मिळे, त्याच क्रमांकाचा वरच्या वर्गातला विद्यार्थी त्याचा पालक ठरे आणि त्याच्या नोट्स वारशाने खाली उतरत. पेइजेनचा क्रमांक सदतीस. तिच्या वरच्या सदतिसाने तिला ज्या नोट्स दिल्या, त्या त्याच्याही वरच्या सदतिसाने लिहिल्या होत्या. तो वडिलांच्या आजारपणात तीन सत्रे कॉलेज सोडून गेला होता. दीड वर्ष ती त्या बारीक, काटेकोर अक्षराच्या सहवासात राहिली होती. त्या अक्षराला तिने मनातल्या मनात एक चेहराही दिला होता, कृश आणि चष्मेवाला. त्याला पुरावा काहीच नव्हता.

"माझं आहे," तो म्हणाला. चष्मा नव्हता. कान थंडीने लाल झाले होते. गृहीतक साफ चुकले होते, आणि चुकल्याचे तिला अजिबात वाईट वाटले नाही... ही गोष्ट तिला जास्त काळजीची वाटली.

"तुम्ही इतकं बारीक लिहिता की माझ्या चष्म्याचा नंबर वाढला, सीनियर."

"भरपाई मागतेस?"

"विचार करतेय."

"सावकाश कर. या सत्रापासून परत आलोय. सापडेन."

गाल तापले ते लपवावेत म्हणून तिने आजची सल्लापत्रिका त्याच्यापुढे सरकवली. नियमाप्रमाणे वरच्या वर्गातल्या कुणीतरी पत्रिका तपासून सही करायची असे. त्याने पेन घेतले, वाचले, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे हसू ओसरले.

"हे किती वाजता सांगितलंस?"

"तीनला. का?"

"आज तारीख काय?"

"चार."

"चार काय?"

"जानेवा—"

शब्द तिथेच थांबला. सज्ञान होण्याचे वय याच महिन्याच्या एक तारखेपासून विसावरून अठरावर आले होते. हे तिला ठाऊक होते. परीक्षेत तिने ते बिनचूक लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. पण समोर रडणारी बाई बसली की माणूस आठवत बसत नाही, चाचपडतो. आणि चाचपडणारा हात नोट्सच्या बाराव्या पानावर गेला होता. तिथे त्या सुबक अक्षरात वीस लिहिले होते.

तीनला आलेल्या त्या बाईचे नाव आबान. बाजारात बांगडे विकणारी. तिची मुलगी लिंगयुन एकोणीस वर्षांची. मुलीचा आखुन नावाचा मित्र बोटीवर इंजिनाच्या कामाला, आणि त्याची बोट आजच सहाला सुटून अकरा महिन्यांनी परतणार होती. मुलीने त्याला बजावले होते की जायच्या आधी लग्नाची नोंदणी कर, नाहीतर परत आल्यावर माझ्या दारात येऊ नकोस. आबानला हे लग्न नको होते. आपल्या सहीशिवाय ते होईल का, एवढेच तिला विचारायचे होते. होणार नाही, असे पेइजेनने सांगितले होते. लिहूनही दिले होते. ओसरीच्या पायऱ्या उतरतानाच आबानने फोन लावला होता: कायदेवाल्या मुलांनी सांगितलंय, माझ्या सहीशिवाय होत नाही.

नोंदणी कार्यालय पाचला बंद होत असे. घड्याळात तीन बेचाळीस झाले होते.

"माझ्या नोट्समुळे झालं हे," बोवेइ म्हणाला.

"नोट्स तुमच्या, तोंड माझं." तिने छत्री उचलली. "त्या मुलीचा नंबर काढते कुठूनतरी—"

त्याने तिला अडवले, पण आवाज न चढवता. आपली अशील आई आहे, त्याने समजावले. इथे बोललेले इथून बाहेर जाता कामा नये. दुरुस्ती आईलाच सांगायची. ती पुढे मुलीला सांगेल की नाही, हा तिचा प्रश्न.

"आणि नाही सांगितलं तर?"

"ते मलाही माहीत नाही." माहीत नसल्याचे त्याने लपवले नाही, हे पेइजेनने चालता चालता टिपून ठेवले.

बाजार नऊ मिनिटांवर होता आणि छत्री एकच. एका छत्रीखाली दोन माणसे कोरडी राहू शकत नाहीत, हे साधे भूमितीचे सत्य. तरी तो आपला खांदा बाहेर ठेवून तिचा आत राखत होता आणि ती छत्री त्याच्याकडे ढकलत होती. परिणामी दोघेही सारखेच भिजले. वाटेत ती पुटपुटत वाक्याची जुळवाजुळव करत होती: सल्ल्यात अनवधानाने त्रुटी राहिली... कालबाह्य तरतुदीच्या आधारे...

"एवढं लांब नको," तो म्हणाला. "चुकलं म्हण."

आबान रबरी बूट घालून बर्फ फोडत होती. शेजारी एक मुलगी खाली मान घालून बांगडे साफ करत होती. तिचे डोळे सुजलेले होते. पेइजेनने आबानला जरा बाजूला यायची विनंती केली.

"इथंच बोल, पोरी. आमच्यात गुपितं नाहीत, म्हणून तर ही रडारड."

"मावशी... मी चुकले." मग जे आले ते एका श्वासात आले. एक तारखेपासून अठराला माणूस सज्ञान होतो. एकोणिसाव्या वर्षी कुणाच्याही संमतीची गरज नाही. तिने दिलेला कागद चुकीचा आहे.

लिंगयुनची सुरी माशाच्या पोटातच थांबली.

आबानने बर्फाचा हातोडा खाली ठेवला. "म्हणजे माझ्या सहीला काही किंमतच नाही."

 क्षमेचे सगळे कायदेशीर शब्द एकाच वेळी पेइजेनच्या तोंडाशी आले आणि एकमेकांत अडकले. मग तिला तेराव्या पानावरचे काहीतरी आठवले, आणि ते आज लागू आहे ना, हे तिने आधी डोळ्यांनीच बोवेइला विचारले. त्याने होकारार्थी मान हलवली.

"संमती म्हणून नाही, मावशी. पण कागदावर दोन साक्षीदार लागतात. दोघांची खरोखर इच्छा आहे, हे ज्यांना स्वतः माहीत आहे असे. हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

आबानने लेकीकडे पाहिले. "आठ महिने दोघांना बघतेय," ती म्हणाली. "अठरा वर्षं धक्क्यावर उभी राहून मी हिच्या बापाच्या बोटीची वाट पाहिली. हिलाही तेच हवंय म्हणे. अक्कल कुणाची घेतलीस गं? बापाची असणार." तिने हात धुतले, नळ बंद केला, पुन्हा सोडून पुन्हा धुतले. "दुसरा साक्षीदार कुठून आणू? सगळे पुरुष समुद्रावर. तूच कर सही. घोळ तूच घातलायस."

"मी? मला नाही करता येणार, मावशी. साक्षीदार सज्ञान असावा लागतो, आणि मी अजून एकोणीस—"

बोवेइ मोठ्याने हसला. तिला उमगायला दोन सेकंद लागले. गेले तीन दिवस ती कायद्याने पूर्ण प्रौढ होती आणि तिला पत्ताच नव्हता. वाढदिवसाला निदान केक तरी असतो.

आबानने मासळीचा छोटा टेम्पो काढला. लिंगयुनने आखुनला धक्क्यावरून थेट कार्यालयात यायला सांगितले आणि आईशेजारी बसली. दोघे कायदेपंडित मागे, ताडपत्रीखाली, बांगड्यांच्या खोक्यांच्या मधोमध.

"मालाच्या गाडीत माणसं बसवणं बेकायदेशीर आहे," पेइजेन कुजबुजली.

"दंड आहे. कलम सांगू?"

"नको. कुठल्या सालचं सांगाल, नेम नाही."

वळणावर खोकी घसरली. त्याने एक हात त्यांना आणि दुसरा तिच्या पाठीमागे लावला. तिला स्पर्श होणार नाही एवढे अंतर त्याने राखले होते. दोन सेंटिमीटर असावे. मग तो सावकाश सांगू लागला. तो घरी होता तेव्हा मधला सदतीस त्याला तिच्या पेन्सिलीतल्या शंकांचे फोटो पाठवत असे. त्याची उत्तरे तिला मधल्याकडून मिळत.

"एकदा तू 'पण हे न्याय्य आहे का?' असं लिहिलं होतंस."

"'नाही, पण परीक्षेत होय लिही,' असं उत्तर आलं होतं. ते तुम्ही?"

"मीच. बाबांच्या खाटेशेजारी बसून. त्या महिन्यात तेवढं एकदाच हसलो होतो." त्याने घसरलेले खोके पुन्हा जागेवर लावले. "बाराव्या पानावर मात्र काहीच विचारलं नाहीस."

"तिथं शंका नव्हती."

"म्हणूनच ते जुनंच राहिलं."

कार्यालयात पोचले तेव्हा चार छत्तीस झाले होते. आखुन दारातच उभा होता, कपड्यांना इंजिनाचे तेल, हातात टोपी. कारकुनाने अर्ज उघडला. साक्षीदाराने स्वतः खात्री करावी असा नियम होता, आणि आज पेइजेन कुठलाही नियम गृहीत धरणार नव्हती.

"तुमची दोघांची खरोखर इच्छा आहे ना? कुणाचा दबाव नाही?"

"दबाव आहे," आखुन म्हणाला. "हिचा."

कारकुनाने चष्म्यावरून पाहिले. लिंगयुनने आखुनच्या पायावर बूट ठेवला.

"इच्छा आहे," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज चिरकला. पुराव्यासाठी तेवढे पुरेसे होते.

पेइजेनने सही केली.  तिच्याखाली आबानने केली, माशांची वजने लिहिणाऱ्या हाताला साजेशी मोठी आणि जड. सही झाल्यावर तिने लेकीच्या केसात अडकलेला एक खवला काढला आणि खिडकीकडे तोंड केले.

पेइजेन आणि बोवेइ बाहेरच्या छपराखाली आले तेव्हा चार एकोणपन्नास झाले होते. उद्या सल्ला-टेबलाच्या प्रमुख श्यू मॅडमना सगळे लेखी कळवायचे होते. टेबल जाईलही कदाचित. आजच्या दिवसाचे भय अजून संपले नव्हते. उलट त्याचा मोठा हिस्सा अजून शिल्लकच आहे, असे पेइजेनला स्पष्ट जाणवत होते.

"सीनियर... आज मी भर बाजारात चुकले म्हणून सांगितलं, आणि काही मेले नाही."

"नाही. मी साक्षीदार आहे."

"तेवढ्याच जोरावर आणखी एक सांगते." तिने छपरावरून पडणाऱ्या धारेकडे पाहत वाक्य पुरे केले. "मला तुम्ही आवडता. अक्षर आधीपासून, बाकीचं दुपारपासून. नमुना लहान आहे, कबूल. चूक असेल तर आत्ताच दुरुस्त करा... ऑफिस बंद व्हायला अकरा मिनिटं आहेत."

 पेइजेनने सेकंद मोजले. सातव्याला तिने परतीच्या बसची वेळ आठवायला घेतली.

"आजच्या तारखेला," तो म्हणाला, "बरोबर आहे."

"आजच्या तारखेला म्हणजे?"

"याहून जास्त लिहून देणारा वकील खोटा असतो."

"आणि पुढं बदललं तर?"

"अंमल सुरू व्हायच्या आधी तुला सांगेन. तुलाच, आधी." त्याने हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला. "तुझ्या बाजूनं काही बदलणार असेल तर... तूही."

तिने तो हात धरला. तिचा थरथरत होता. आता कळले की त्याचाही थरथरत होता. दोन थरथरते हात एकमेकांत धरले तर थरथर वाढते की कमी होते, याचे मोजमाप कुणी केल्याचे तिच्या ऐकिवात नव्हते. कमी झाली, असे तिला वाटले. खात्री व्हावी म्हणून ती पाच वाजेपर्यंत तशीच उभी राहिली.