पक्क्या ऑर्डरी कच्च्या कोण करतं?

"ही पोरगी मला बुडवणार!" दौलतरावांनी टेबलावर मूठ आपटली. "हवालदारांना फोन करून ठेवलाय. चोर सापडला नाही, तर हिचंच नाव देणार."

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या त्यांच्या गणवेशाच्या कारखान्यात महेंद्रला अजून कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. खासगी गुप्तहेर हेमचंद्रांचा सहायक असणं म्हणजे उपाशीपोटी परक्यांची भांडणं ऐकणं.

भांडण असं होतं. दौलतराव शाळांच्या ऑर्डरी वेबसाइटवर स्वतः पक्क्या करत. नंतर बघावं तर कच्च्याच. कच्ची ऑर्डर शिलाईला जात नाही, आणि शाळा तर तोंडावर आलेल्या. प्रोग्रॅम लिहिणारी हेंद्रेपाड्याची मनाली नोकरी सोडून पुण्याला चाललेली, म्हणून संशय तिच्यावर.

"सर, पोलिसांत नाव गेलं तर पुण्यात मला दारात तरी उभं करतील का?" मनालीचा आवाज चिरकला.

"पासवर्ड आणखी कोणाकडे?" हेमचंद्रांनी विचारलं.

"माझ्याकडे." काउंटरवरच्या किर्तीने बोलता बोलता बटणावर एक टिचकी मारून एक ऑर्डर पक्की केली. "पण माझी एकपण ऑर्डर हलली नाही. मुझे मत घसीटो हां!"

"दौलतराव, तुम्ही प्रोग्रॅम उघडून दाखवा."

दौलतरावांनी पडद्यावरच्या चित्रावर माउसने टकटक केलं. प्रोग्रॅम उघडला. "मला सगळं येतं. कोर्स केलाय."

"मनाली, पक्की ऑर्डर परत कच्ची कशी करतात?"

"त्याच बटणाने. सरांना दोन बटणं नको होती. काहीही केलं तरी 'बदल झाला' एवढंच येतं."

"तपासलंस?"

"पानाच्या तळाशी ट्रेस लावलाय, काय घडलं त्याची नोंद. पान दर वेळी लिहितं, 'बटण दाबलं'."

"पान म्हणजे दारावरचा वॉचमन. आतलं काम कोण करतं?"

"ऑर्डरचा क्लास, म्हणजे प्रोग्रॅममधला ऑर्डरी सांभाळणारा भाग. तो वेगळा असतो, काहीच लिहीत नाही."

"त्याला लिहायला लाव."

"त्याला पानाचा ट्रेस सरळ मिळत नाही. बटण दाबल्यावर आत येणाऱ्या रिक्वेस्टकडून मागून घ्यावा लागतो."

"मग माग."

"साहेब, हिलाच विचारा ना, केलंस की नाही!" महेंद्र कळवळला. कोणी लक्ष दिलं नाही.

मनालीने क्लासमध्ये एक ओळ घातली. दौलतरावांनी नवी, कच्ची ऑर्डर काढून पक्की केली. तळाशी निरोप उमटले. पान: 'बटण दाबलं.' क्लास: 'आधी पक्की, आता कच्ची.'

"बघा! डोळ्यांदेखत!" दौलतराव ओरडले. मनालीचे हात मांडीवर होते. महेंद्रने उगाच टेबलाखाली वाकून पाहिलं.

"ऑर्डर तर कच्ची होती," हेमचंद्र म्हणाले. "मग क्लासला ती 'आधी पक्की' कशी दिसली? कारण त्याआधी आणखी एकदा बटण दाबलं गेलं होतं. त्या पहिल्या दाबण्याचं पान, तळच्या निरोपांसकट, पडद्यावर यायच्या आत दुसऱ्या दाबण्याने बाजूला ढकललं. पहिल्याने पक्की, दुसऱ्याने कच्ची. किर्ती एकच टिचकी मारते, तिच्या ऑर्डरी शाबूत. दौलतराव, तुम्ही चित्र उघडता तसंच बटणही दाबता. टकटक. आणि 'बदल झाला' वाचून समाधानाने उठता."

"कोर्समध्ये असंच शिकवलं!"

"चित्रांसाठी."

तेवढ्यात फोन वाजला. हवालदार होते. दौलतरावांनी मनालीकडे पाहिलं, घसा खाकरला.

"हो, सापडला. नाही नाही, पोरीचा काही संबंध नाही... नाव? नाव नका लिहू साहेब. घरचाच माणूस आहे. मी त्याला समज देतो."