बासष्ट, सहासष्ट, सत्तर

भाविकाच्या मापात चूक निघाली तर तिने अख्ख्या स्टुडिओला मिसळ खिलवायची, ही पैज कुंदनने पहिल्या वर्षी लावली होती. आर्किटेक्चरचं दुसरं वर्ष अर्धं सरलं, तरी कुणाच्या ताटात मिसळ काही पडली नव्हती. वर्गात तिला सगळे ‘टेप’ म्हणत. तिलाही ते आवडायचं. खरं ते खरं.

यंदा अरुंधती मॅडमनी काम दिलं ते असं : एक रिकामं घर मोजायचं. उंबऱ्याची झीज, खुंटीची उंची, भिंतीवरचे डाग बघून इथे कोण राहत असेल ते ओळखायचं आणि चित्रात त्या माणसाला बसवायचं. प्रमाण एकास वीस. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे घरातले दोन सेंटिमीटर.

ओवे गावात घर मिळालं. लवकरच पाडणार होते. चावी शेजारच्या ठमाबाईंकडे, त्यांचंच घर.

शनिवारी सकाळी भाविका आणि कुंदन आत शिरली. मधल्या खोलीत कौलांच्या फटींतून ऊन, कोरड्या चुन्याचा वास. आणि भिंतीवर, बराच खाली, तेलाचा एक गोल डाग. चापून तेल लावलेलं डोकं टेकून कुणी रोज बसलं की पडतो तसा. भाविकाच्या कामोठ्याच्या घरी सोफ्यामागे बाबांचा आहेच.

“बासष्ट सेंटिमीटर,” भाविका म्हणाली. “सात-आठ वर्षांचं मूल.”

कुंदनने एका हातात वडापाव धरून फोटो काढला. डागावर टेप, टेपवर बासष्ट.

चावी देताना तिने विचारलं, “आजी, या घरात लहान कोण होतं?”

“त्यात कोन रायलंच नाय गं. पोरासाठी बांधलं, तो गेला रोडपालीला फ्लॅटमदी. आमी निसतं झाडतो नि कुलूप लावतो.”

भाविका हसली. माणसं विसरतात, भिंत विसरत नाही.

खिडकीचं एक माप राहिलं म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा गेली. सहज डागाला टेप लावली. सहासष्ट.

“मिसळ,” कुंदन म्हणाला. “एक्स्ट्रा पाव.”

“फोटो बघ आधी.”

फोटोत बासष्टच होते. मग भाविकाने डागाच्या मधोमध पेन्सिलीने रेघ मारली, खाली तारीख घातली आणि दोघांच्या सह्या. चूक असेल तर कुणाची, ते कळायलाच हवं होतं.

तिसरा शनिवार. रेघ जागेवर होती. तारीख, सह्या, सगळं. रेघेखाली कोरडा चुना.

डाग वर होता. सत्तर.

“चल ना,” कुंदन अंगणातून म्हणाला.

“थांब. परत मोजते.”

सत्तरच.

ठमाबाई कुलूप घेऊन दारात उभ्या होत्या. आत बघत, पण भाविकाकडे नाही. “सोमवारी पाडतील,” त्या म्हणाल्या. “मंग टेकाया भिंत कुठली?”

“मॅडमना काय सांगणार?” रिक्षात कुंदनने विचारलं.

“मोजलं ते.”

तिने बारा वर्षांची मुलगी काढली. दोन वेण्या, गुडघे पोटाशी, डोकं भिंतीला. जमिनीपासून पस्तीस मिलिमीटरवर.

सोमवारी घर पडलं. बुधवारी मॅडम चित्रातल्या त्या मुलीसमोर बराच वेळ थांबल्या आणि वर्गातले सर्वांत जास्त मार्क देऊन गेल्या. “पैज मी हरलो,” म्हणत कुंदननेच मिसळ दिली, अख्ख्या स्टुडिओला. दंगा, गाणी, रश्शावर रस्सा. भाविकाने दोनदा घेतली.

शनिवारी सकाळी दोघं स्टुडिओच्या भिंतीवरची शीट उतरवायला आली. मुलीच्या डोक्याच्या जरासा वर कागद तेलकट, पारदर्शक झाला होता.

“मिसळीचा हात लावलास,” कुंदन म्हणाला.

भाविकाने वास घेतला. खोबरेल.

तिने पट्टी काढली. जमिनीची रेघ, मग वर. पस्तीसवर, काढलेल्या डोक्यामागे, कागद कोरडा होता.

“सदतीस,” ती म्हणाली. “म्हणजे चौऱ्याहत्तर.”