डेबऱ्या हाताची पात

सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात नोकरी करणाऱ्या बाईला कुणी भाताची बांधी बघायला बोलावलं तर ती काय म्हणेल? सत्यशीलाही तेच म्हणाली. दिवसभर बांध्याच तर तुडवते, सुट्टीच्या दिवशी आणखी एक कशाला? पण नंदिनी पिच्छा सोडणारी नव्हती. ही मुलगी मूळची गडचिरोलीची, बडोद्याला कला शिकून परतलेली. गावाबाहेरच्या बंद राईस मिलमध्ये तिने एक मांडणशिल्प केलं होतं, आणि भाताचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, सावलीत किती दिवस तग धरतील ते विचारायला महिनाभर केंद्रात खेपा घातल्या होत्या. मांडणशिल्प म्हणे! सत्यशीलाच्या लेखी मांडणी म्हणजे भांडी ठेवायची फळी.

तरी गेली ती. मुलीचं मन कशाला मोडा.

मिलच्या मोठ्या खोलीत छताचे काही पत्रे काढलेले होते, तेवढाच उजेड. खालची फरशी फोडून चिखल केलेला, वर बोटभर नितळ पाणी. जुन्या कोंड्याचा आणि ओल्या मातीचा वास एकमेकांत मिसळला होता. समोरच्या भिंतीपासून भाताच्या रांगा दाराकडे आल्या होत्या आणि मध्येच थांबल्या होत्या. प्रत्येक रांग थांबली तिथे चिखलात दोन टाचा उमटलेल्या. बघणाऱ्याने दाराशी टाकलेल्या लाकडी फळीवर उभं राहायचं, बस. कामाचं नाव होतं ‘पाठमोऱ्या’.

‘एवढंच?’ असं सत्यशीलाच्या अगदी ओठांवर आलं होतं.

पण ती उभी राहिली, आणि मग तिला हलवेना. रोवणारी बाई मागे मागे सरकते. पुढ्यात दोन-चार पऱ्ह्यांचा चूड खोवायचा, एक पाऊल मागे यायचं. तिची पाठ कायम धुऱ्याकडे, बांधाकडे. धुऱ्यावरून बघणाऱ्याला तिचं तोंड कधी दिसत नाही. सत्यशीलाने जन्मभर आपल्या आईला असंच पाहिलं होतं, वाकलेली, वर खोचलेलं लुगडं आणि चिखलाच्या पोटऱ्या, आणि त्यात बघण्यासारखं काही आहे हे तिच्या गावीही नव्हतं. या पोरीने बाया काढून घेतल्या होत्या आणि नुसत्या टाचा ठेवल्या होत्या. सत्यशीलाचे डोळे भरून आले. तिला स्वतःचाच राग आला, आणि नंदिनीचं मनापासून कौतुकही वाटलं.

डोळे पुसताना तिला डाव्या भिंतीलगतची रांग दिसली.

उजव्या हाताने खोवलेला चूड एका अंगाला कलतो. सगळ्या रांगा तशाच कललेल्या होत्या. ही एकटी दुसऱ्या अंगाला कललेली. रोवण्यात एका बाईच्या वाट्याची पट्टी असते तिला पात म्हणतात, आणि अख्ख्या गावात डेबऱ्या, म्हणजे डाव्या, हाताने पात रोवणारी एकच बाई होती. सत्यशीलाची आई, अंजनाबाई.

"इथी कोनं रोवलं?" तिने विचारलं.

नंदिनीने कमरेची किल्ली चाचपली. मग म्हणाली, "ती पट्टी तर मी रिकामी ठेवली होती, ताई."

गावातल्या बायांनी बाकीच्या पाती रोवल्या आणि त्या घरी गेल्या. ही नंतर सुरू झाली. रोज थोडी पुढे येते. आधी नंदिनीला मजाच वाटली, कुणी बाई हौसेने भर घालते आहे, घालू दे. पण आत उतरायला ही एकच फळी, आणि कुलपाची किल्ली नंदिनीच्या कमरेला. आताशा ती एकटी आत थांबत नव्हती.

अंजनाबाई मागच्याच्या मागच्या रोवण्यात गेली. गेली म्हणजे काय, ते कुणालाच सांगता येत नाही. जंगलाला लागून असलेली घरचीच बांधी. दुपारी बाया धुऱ्यावर भाकर खायला बसल्या. ही म्हणाली, एवढी पात पुरी करून येतो. बायांनी वळून पाहिलं तर पात अर्धी, टाचांच्या खळग्यांत पाणी भरत होतं. ओरडणं नाही, रक्त नाही, लुगड्याची चिंधी नाही. वाघाने नेलं, असं सगळे म्हणाले. जंगलवाल्यांनी आठवडाभर रान पिंजलं, हाती काही लागलं नाही.

सत्यशीलाचे वडील गुणवंतराव मात्र एकच वाक्य धरून बसले. "तुयी माय अर्धी पात टाकून जानारी बाई नोहे." त्यांनी ती पट्टी तशीच पडीक ठेवली, बायकोच्या फोटोला हार घालू दिला नाही, गेलेल्या माणसासाठी करायच्या पुण्यानुमोदनाचं नाव काढलं की ते ताटावरून उठायचे. सत्यशीलाला आईसाठी एकदा रीतसर रडायचं होतं. चार माणसं बसावीत, भंतेजींनी वंदना म्हणावी, आणि आई गेली हे मोठ्याने म्हणून मोकळं व्हावं. यंदा तिने हिय्या करून रविवार ठरवला होता, नातेवाइकांना कळवून झालं होतं. वडिलांनी अजून हो म्हटलं नव्हतं.

अशा वेळी मिलमधली गोष्ट घरी बोलायचीच नाही, हे तिला कळत होतं. पण जीव टांगणीला लागला होता. आई कुठे जिवंत असेल तर? वेड लागून इथेच भटकत असेल तर? जेवताना तोंडातून निघून गेलंच.

गुणवंतरावांनी हात धुतले. "मले ने," एवढंच म्हणाले.

शनिवारी दुपारी ती त्यांना घेऊन गेली. आभाळ दाटलेलं होतं. नंदिनीने कुलूप काढलं आणि ती बाहेर पायरीवरच बसली. आत बापलेक फळीवर उभे राहिले. भिंतीकडची पात आता फळीपासून हातभर अंतरावर आली होती. टाचा ताज्या होत्या.

गुणवंतराव बराच वेळ बघत राहिले. "पऱ्हे सरले तिचे," ते हळूच म्हणाले.

रोवणारीच्या हातातले पऱ्हे संपले की ती मागे वळत नाही. धुऱ्यावरचं माणूस तिच्या मागे पऱ्ह्यांची नवी पेंढी टाकतं, तिने मागे सरकावं आणि हाताला पेंढी लागावी. सत्यशीलाने हे काम लहानपणापासून केलं होतं. फळीच्या कडेला उरलेल्या पेंढ्या होत्या. तिने एक उचलली आणि टाचांमागे टाकली.

चिखलात पेंढी पडल्याचा आवाज झाला तेव्हा तिला कळलं, आपण काय केलं.

पाणी हललं.

तिने दचकून बापाकडे पाहिलं. पुन्हा समोर पाहिलं तर पेंढी सुटलेली होती, आणि फळीला लागून शेवटचा चूड उभा होता. डाव्या हाताचा. पात पुरी झाली होती.

गुणवंतरावांनी तोंड फिरवलं. पात संपवून बाई सरळ उभी राहते, खोचलेलं लुगडं खाली सोडते, तेव्हा धुऱ्यावरचा पुरुष तोंड फिरवतो. तेवढी लाज सगळेच राखतात.

सत्यशीला बाई होती, तिने फिरवायचं कारण नव्हतं. समोर कुणीही नव्हतं. हे ती आजही छातीठोक सांगते. फक्त ओलं कापड झटकून खाली सोडल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"आली?" बापाने भिंतीकडे बघतच विचारलं.

हो म्हटलं तर उद्याचं पुण्यानुमोदन होणार नव्हतं. उद्याच काय, कधीच नाही.

"गेली, बाबा," ती म्हणाली. "पात पुरी झाली न् गेली माय."

गुणवंतरावांनी मान हलवली. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

"बरं. पन मंग बाजूले सरक ना, शीला. तिले वर चढाले जागा दे."

सत्यशीला सरकली. फळी चिखलाच्या बाजूने हळूच दबली.