तिसऱ्या घंटेची वाट

खिळ्याला टांगलेली पितळी घंटा.

गोंदाची बाटली. आतला गोंद वाळलेला.

नाटकाची जाहिरात. सर्वांत खाली, बारीक अक्षरांत: रंगमंच व्यवस्था – मृण्मयी सावर्डेकर.

एक वाक्य: "तुझं नाव कुणी वाचतसुद्धा नाही, आई."

ते वाक्य चार्वीचं. चार महिन्यांपूर्वीचं, रागातलं. नाट्यगृहात तिसरी घंटा देणारी, घरी शिट्टी वाजवत पोळ्या लाटणारी आई त्यानंतर गप्प होत गेली. डॉक्टर म्हणाले, नैराश्य. चार्वीला वाटलं, माझ्यामुळे.

नाना म्हणजे आईचे वडील, मेंदूशास्त्रज्ञ. त्यांनी बनवलेली टोपी आईने घातली की भिंतीवर तिचा जिवंत मेंदू उमटे. ठिणग्या धावत.

"हे न्यूरॉन (संदेश पोचवणाऱ्या पेशी). मंदावलेत. का, तेच कळत नाही," नाना म्हणाले.

टोपीखालून आवाज आला. "नाना, नुसते नटच काय बघताय? विंगेतली माणसं दाखवा की."

आई बोलली! चक्क दोन वाक्यं.

नानांनी जीभ चावली. न्यूरॉन स्पष्ट दिसावेत म्हणून बाकीच्या पेशी त्यांनीच लपवल्या होत्या. त्यांनी कळ दाबली. भिंत गच्च भरली.

"या ग्लिया (न्यूरॉनची देखभाल करणाऱ्या पेशी). नावाचा अर्थ गोंद. पूर्वी वाटायचं, या फक्त चिकटवून ठेवतात."

"म्हणून ती वाळलेल्या गोंदाची बाटली जपलीत?" चार्वीने विचारलं.

"ती चूक विसरू नये म्हणून. आणि बघ, पुन्हा तीच केली! ही चांदणीसारखी तारकापेशी. न्यूरॉनना इंधन पुरवते, सांडलेली रसायनं उचलते. ही चिमुकली सूक्ष्मग्लिया. कचरा झाडते, राखण करते. ताण महिनोन्‌महिने राहिला की तारकापेशी दुबळ्या होतात, राखणदार बिथरतात आणि चांगल्या जोडण्याही तोडू शकतात. नैराश्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक."

चार्वीने खाली बघत विचारलं, "एका वाक्याने होतं असं?"

"नाही गं, वेडे. दौरे, जागरणं, तुझ्या आजीचं जाणं. किती दिवसांचं साचलेलं."

"मग आई पुन्हा शिट्टी वाजवेल?"

"औषध, झोप, मन मोकळं करणं, सोबत. यांनी बरं वाटू शकतं. वेळ लागतो."

चार्वी आईला चिकटून बसली. आईने तिच्या करंगळीत आपली करंगळी अडकवली. शिट्टी नाही. अजून नाही. पोळपाट मात्र चार्वी रोज पुसून ठेवते.

चार्वी ते वाक्य बोलली, त्या रात्रीही तिसरी घंटा आईनेच दिली होती. बरोबर साडेआठला.