रोज साडेतीनचा हॅकर

"ओदेतचं नाव? आणि दारावर?" डेक्लन ओरडलाच.

वाचनालयाच्या दारावर खरोखरच कागद चिकटवलेला होता: 'ओदेत मेदेरोस हिला संगणकाच्या खोलीत बंदी. कारण: हॅकिंग.' खाली ग्रंथपाल पिकरिंगबाईंची झोकदार सही!

तेरा वर्षांची ओदेत पायरीवर रडवेली होऊन बसली होती. शनिवारी विद्यापीठात मुलांच्या प्रोग्रॅमचं प्रदर्शन होतं. भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा तिचा प्रोग्रॅम थोडक्यासाठी अडला होता, आणि आज उजाडला होता गुरुवार! त्या काळी अमेरिकेतल्या अख्ख्या ईस्ट केंब्रिजमध्ये मुलांना हात लावू देणारा संगणक हा एवढाच.

"अगं, पण तू केलंस काय?"

"काही नाही रे! मी आपली काम करत असते आणि मध्येच पडद्यावर फुल्या, कंस, आकडे, नुसता कचरा यायला लागतो. बाई म्हणतात, ही तुझी गुप्त लिपी!"

"बाईंनी तो नवा सिनेमा पाहिलाय ना!" डेक्लनची दहा वर्षांची बहीण नूआला म्हणाली. "त्यातला पोरगा काळा चष्मा लावून अंधारात खटाखट बटणं बडवतो आणि बारा सेकंदांत बँकेत घुसतो!"

"अंधारात काळा चष्मा? मग बटणं काय वासावरून शोधतो?"

ओदेतला रडतारडता हसू आलं. तिघंही तडक ह्यूमामाच्या घरी धावली. डेक्लन-नूआलाचा हा मामा विद्यापीठात शिकत असताना खेळण्यातल्या आगगाड्यांच्या क्लबात होता.

"हॅकिंग?" मामा भडकलाच. "अरे, आमच्या क्लबातला लाडका शब्द तो! टेलिफोनचे जुने भाग आणून आम्ही रुळांच्या टेबलाखाली जोडायचो. कुणी चार तारांचं काम एका तारेत केलं, की म्हणायचो, वा! काय हॅक केलास! चोरीबिरीचा संबंधच नव्हता. सिनेमावाल्यांनी शब्दाचं पार वाटोळं केलं! आणि बारा सेकंद कसले? आम्ही आठवडा आठवडा डोकं खाजवत बसायचो. बरं ओदेत, हा कचरा येतो कधी?"

"साडेतीनच्या सुमाराला. रोज. फक्त परवा नाही आला, पाऊस होता तेव्हा."

"परवा तर आईस्क्रीमची गाडीपण नाही आली!" नूआला हळहळली.

"तुला खाण्याशिवाय काही सुचतं का गं?" डेक्लन म्हणाला.

"अरे, पण आईस्क्रीमवाला डोमिनिक रोज साडेतीनलाच तर येतो! त्या खोलीच्या खिडकीखाली गाडी लावतो आणि घंटा..."

"घंटा!" मामा खुर्चीतून उडालाच.

वाचनालयाचा संगणक विद्यापीठातल्या मोठ्या यंत्राशी फोनवरून बोलायचा. फोनचा रिसीव्हर दोन रबरी वाट्यांत घट्ट बसवायचा, की आवाजातून अक्षरं जायची-यायची. वाट्या सैल असल्या, तर बाहेरचा आवाजही आत शिरणारच!

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ओदेत संगणकासमोर उभी राहिली, दोन्ही हात वर करून. मामानं मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठे बाईंनी तेवढी परवानगी दिली होती. पडदा स्वच्छ होता. डेक्लननं खिडकीतून रुमाल हलवला. खाली मुद्दाम बोलावलेल्या डोमिनिकनं घंटा घणघणवली आणि पडद्यावर फुल्यांचा पाऊस पडला!

"पाहिलंत?" बाई दबक्या आवाजात फणकारल्या. "आता तर ही हात न लावता घुसते!"

डेक्लननं पुन्हा रुमाल हलवला. घंटा थांबली, फुल्याही थांबल्या. मग नूआलानं फोनजवळ तोंड नेऊन जोरात आरोळी ठोकली. पुन्हा फुल्या!

"म्हणजे बाई, मीपण हॅकर का हो?" तिनं भाबडेपणानं विचारलं.

मामानं रिसीव्हर उचलून पाहिला. "ही वाटी उलटी बसलीय. कुणी काढली होती?"

बाईंचे कान लाल झाले. "मळली होती हो... मीच धुतली. गेल्या आठवड्यात."

मामानं वाटी सरळ बसवली, पण रबर सैल पडलं होतं. तेव्हा बाईंनी अंगातलं लोकरी जाकीट काढलं. भर जुलैतही ते त्यांच्या अंगात असायचंच. त्यांनी ते फोनभोवती घट्ट गुंडाळलं, ओदेतला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः ओठांवर बोट ठेवून दारात उभ्या राहिल्या. कुणी साधं खोकलं तरी त्या डोळे वटारायच्या! साडेतीनला डोमिनिक घंटा वाजवत आला आणि गेला. पडद्यावर एकसुद्धा फुली उमटली नाही.

"पोरांनो," मामा कुजबुजला, "याला म्हणतात हॅक! आमच्या क्लबात तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचले असते."

पावणेपाचला प्रोग्रॅम पूर्ण झाला. ओदेतनं फोन जागेवर ठेवला आणि डेक्लन-नूआलाला कडकडून मिठी मारली.

बाईंनी दारावरचा कागद टराटरा फाडला. वाचनालयात पंचवीस वर्षं त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. आज मात्र त्या सगळ्या वाचकांसमोर मोठ्यानं म्हणाल्या, "ओदेत मेदेरोस, चूक माझी होती. मला माफ कर!"