काल तुमची, आज आमची

फोन वाजला तेव्हा हरिणी नंजनगूडच्या वैष्णव मठाच्या ओसरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती, आणि लॅपटॉप तिला काही केल्या आत घेत नव्हता.

"मॅडम, बंगळूरहून सुरक्षा विभागाचा विद्याशंकर बोलतोय. तुमच्या नावाने कुणीतरी आत शिरू पाहतंय."

"कुणीतरी नाही... मीच."

"सगळे चोर हेच म्हणतात."

तिला हसू आलं. त्याचं तरी काय चुकलं? म्हैसूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यासाठी ती घरून रुग्णांचे अहवाल टाइप करायची. तिथली यंत्रणा नुसत्या पासवर्डवर भुलणारी नव्हती. माणूस कुठून आलाय, किती वाजता, बोटं किती भरभर चालतात, सगळं पाहायची. म्हैसूरच्या घरातून नऊला येणारी हरिणी तिच्या ओळखीची. पहाटे सहाला नंजनगूडहून, आदल्या दुपारपासूनच्या निर्जळी उपासाने हळूहळू टाइप करणारी ही कोण?

तिचे वडील, अप्पा, मठात स्वयंपाकी, म्हणून एकादशीला ती त्यांच्याकडे येई. त्यामुळे दर पंधरवड्याला तोच अडसर आणि तोच फोन.

"काल शेवटचा अहवाल कशाचा लिहिलात?"

"मोतीबिंदूचा."

"आवाज का बारीक झालाय?"

"हा नियमातला प्रश्न?"

"नाही... हा माझा."

असे चार महिने गेले. मग एकदा तो म्हणाला, "पुढच्या एकादशीची नोंदच करून ठेवतो. दार आपोआप उघडेल, माझा त्रास नको."

"बरं झालं," ती म्हणाली. पण त्या पंधरवड्यात जपाची माळ हातात घेतली की मणी मोजायचे राहून जात. आता फोन येणार नाही... मुद्दाम पासवर्ड चुकवावा? छे, एकादशीला खोटेपणा कसा करायचा?

त्या दिवशी तिने पासवर्ड अगदी नीट घातला. दार उघडलं नाही. फोन वाजला.

"मॅडम, आज कशा काय तुम्ही? एकादशी तर काल झाली."

"काल तुमची झाली, स्मार्तांची; नावावरूनच कळतं. आमची भागवत, ती आज."

"कॅलेंडरात दोन दिसल्या खऱ्या... मी शृंगेरीकडचा, सवयीने पहिली धरली."

"म्हणजे काल दार उघडून वाट बघत बसलात?"

"नुसता बसलो नाही... उपासही केला. पाणीसुद्धा नाही. म्हटलं, तुम्हाला कसं होतं ते कळू दे."

हरिणीने लॅपटॉप मांडीवरून बाजूला ठेवला. गाभाऱ्याकडून तुळशीचा ओला वास येत होता.

"मॅडम? नोंद दुरुस्त करू... की राहू दे? फोनला निमित्त राहील."

"दुरुस्त करा," ती हळूच म्हणाली. "निमित्त... कशाला हवं? उद्या द्वादशीचं पारणं आहे, सूर्योदयाला. याल?"

"संध्याकाळीच म्हैसूर गाठतो, पहाटे नंजनगूडला हजर. आणि आज मीही काही खात नाही."

"अहो, तुमची काल झाली ना?"

"काल चुकली होती."

ती आत गेली. अप्पा उद्याच्या पारण्याच्या भाजीसाठी हादग्याची पानं निवडत होते.

"अप्पा, उद्या एक पान जास्त मांडा."

"कोण येतंय?"

"स्मार्त आहे, अप्पा."

अप्पांनी एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पानांत बोटं घातली. "हादगा खातो का, तेवढं विचार."

"दोन दिवसांचा उपाशी आहे," हरिणी म्हणाली. "वाढाल ते खाईल."